कर्त्या वयाची साथ

इन्फ्ल्युएंझा नेतो तो म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना, असा सर्वसाधारण अनुभव आहे. १९१८ सालीं तो फिरला. त्या वर्षीं जूनमध्यें मुंबईंत शिरलेली साथ प्रथम सौम्य भासली. परंतु सप्टेंबरांत ती दुसऱ्यांदा उसळली आणि पुढच्या दोन महिन्यांत तिनें मध्यप्रांत-वऱ्हाड झोडपून काढला. सबंध हिंदुस्थानांतील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्यांपैकीं बहुतेक मृत्यु दप्तरांत निव्वळ 'ताप' या रकान्यांत पडले.

यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदला तेव्हां आगगाडी नव्हती. पण साथीला रूळ लागत नाहींत. आठवड्याचा बाजार आणि बैलगाडी तिला पुरते. त्यांत पावसानें दगा दिलेला. वऱ्हाडांत कापूस वेचणीला येतो त्याच दिवसांत साथीनें धरिलें तें वीस ते चाळीस वर्षांच्या माणसांना, म्हणजे औत हांकणाऱ्या गड्याला आणि वेचणीच्या बाईला. पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक गेल्या. घरांतील आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याच माथीं असे, हें त्याचें एक कारण सांगतात. पांच ते पंधरा वर्षांचीं मुलें त्या मानानें बचावलीं. पुसदजवळच्या गहुली येथें जन्मलेले वसंतराव नाईक, जे पुढें महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, ते त्या वेळीं पांच वर्षांचे होते. त्या वयाच्या मुलांपेक्षां धोका मोठा होता तो मुलांना पोसणाऱ्यांना.

असा उलटा न्याय कां घडावा? माणसाला होणाऱ्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणु हातीं आला तो १९३३ सालीं, लंडनमध्यें. त्याला 'ए' म्हणतात. १९४० मध्यें 'बी' सांपडला, १९४७ मध्यें 'सी'. 'बी' मुख्यतः मुलांना छळतो. 'सी' चा त्रास बहुधा पडशापुरता. मोठ्या साथी आणतो तो 'ए', आणि त्याचे पोटप्रकार वयावयांत भेद करितात. एच३एन२ या पोटप्रकाराचा जोर असेल तें वर्ष म्हाताऱ्यांना जड जातें.

या भेदाचा एक उलगडा असा, कीं बालपणीं जो पोटप्रकार प्रथम भेटतो त्याची खूण शरीर जन्मभर बाळगतें. १९१८ चे तरुण जन्मले ते १८८९-९० च्या साथीच्या आगेंमागें. ती साथ निराळ्या पोटप्रकाराची असावी. म्हणून त्यांचें शरीर भलत्याच शत्रूसाठीं सज्ज राहिलें. हा तर्क आहे खरा, पण पुढील इतिहास त्याला दुजोरा देतो. १९१८ च्या एच१एन१ चे वंशज १९५७ पर्यंत फिरत होते. नंतर ते लोपले आणि १९७७ सालीं परतले, तेव्हां आजारी पडले ते बहुतांशीं पंचविशीच्या आंतले. थोरांची ओळख जुनी होती. २००९ सालीं पुण्यांत शिरलेला एच१एन१ नवा होता, तरी जगभर वृद्धांना त्याची लागण तरुणांहून कमी झाली.

ही ओळख किती टिकते? १९१५ सालीं वा त्यापूर्वीं जन्मलेल्या ३२ वृद्धांचें रक्त अमेरिकेंतील संशोधकांनीं तपासलें व २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. नव्वद वर्षें लोटल्यावरहि त्या सर्वांच्या रक्तानें १९१८ चा विषाणु ओळखला.