थंडीचा चरका आणि पेशीतल्या कामट्या

मेहरूणचं बोर आणि रावेर-यावलची केळी ही आमच्या जळगावची दोन फळं, पण दोघांच्या प्रकृतीत जमीन-अस्मानाचा फरक. बोर थंडीत पिकतं. उन्हाळा तापला की झाड पानं झटकून मोकळं होतं आणि खोल गेलेल्या मुळाच्या भरवशावर पावसाची वाट पाहतं. मेहरूणच्या बागा शहराच्या वाढीत विरत गेल्या, तरी बांधावरचं एखादं झाड अजून कुणाच्या पाण्यावाचून उभं असतं. केळी मात्र उबदार, दमट रानातली लेक. पारा दहा अंशांच्या खाली उतरला की तिची वाढ थांबते, नवं पान पोंग्यातच अडकतं, निसवायला आलेला घड खोडाच्या गळ्यात गुंततो आणि फळाच्या सालीखाली तपकिरी रेघा उमटतात. शेतकरी म्हणतो, बागेला चरका बसला. मृगबागेची निसवण नेमकी कडाक्यात सापडली, तर वर्षभराचा घास तोंडापासून जातो.

हा चरका झाडाला नेमका बसतो कुठं? एक जागा बरीच आधी कळली होती. पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातली चरबी थंडीत घट्ट होते, हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं तशी. दुसरी जागा सापडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तिचा इतिहास एका विषापासून सुरू होतो.

पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी आपल्याला ठाऊक आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचं जहाल द्रव्य असतं. युरोपातल्या कोल्चिकम या फुलझाडातही तेच असतं. तिथले वैद्य ते संधिवातावर फार जपून देत. १९६२ साली पॉल ग्रीन या अमेरिकन शास्त्रज्ञानं निटेला या पाणशेवाळाला कोल्चिसीन दिलं. एरवी नळीसारख्या लांब वाढणाऱ्या तिच्या पेशी फुग्यासारख्या गोल फुगू लागल्या. ग्रीननं ताडलं, की पेशीत काही तरी सूक्ष्म धागे असले पाहिजेत, तेच भिंतीला वळण देतात आणि हे विष त्यांनाच मोडतं. धागे तोवर कुणी पाहिले नव्हते.

पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एका मिलिमीटरचे चाळीस हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढ्या जाडीच्या पोकळ नळ्या, पिंपाला पट्ट्या ठोकाव्यात तशा भिंतीला आतून लागलेल्या. त्यांना सूक्ष्मनलिका हे नाव पडलं. १९६७ मध्ये शिकागोच्या बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसीन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं ते शोधलं. ट्युब्युलिन असं त्याचं नाव झालं, आणि या नळ्या त्याच्याच विटांच्या.

मग आधीच्या संशोधकांना त्या का दिसल्या नव्हत्या? मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट फार आवडते. ते नमुने बर्फासारख्या थंडीत टिकवत, आणि त्या थंडीतच बहुतेक नळ्या विरघळून जात! लेडबेटर-पोर्टर यांनी ग्लुटारल्डिहाइड हे नवं द्रव्य वापरलं आणि नळ्या जागच्या जागी राहिल्या. जो चरका शेतात बसतो, तोच प्रयोगशाळेतही बसत होता, फक्त तो कुणाला ओळखू आला नव्हता.

शास्त्रज्ञ या साऱ्या रचनेला पेशीचा सांगाडा म्हणतात. कवी म्हणून मला तो शब्द खटकतो, कारण सांगाडा मेल्यावर उरतो. इथं मोडणं-बांधणं क्षणोक्षणी चालू असतं. मोहरमच्या ताबुताच्या कामट्या मला जास्त जवळच्या वाटतात. सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या.

आपल्या कपाशीचीही यात साक्ष आहे. १९८० मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी कपाशीच्या रोपांवर सूक्ष्मनलिका मोडणारी द्रव्यं वापरून पाहिली, तर थंडीची इजा वाढली. उलट, पाण्याचा ताण पडला की झाड स्वतःच जे ॲब्सिसिक आम्ल तयार करतं, ते दिल्यावर इजा कमी झाली.

पण कामट्या नुसत्या बळी पडतात असं नाही. २००० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात लसूणघासाच्या पेशींवर काम झालं. पेशीत ॲक्टिन नावाचे आणखी बारीक धागे असतात. ते औषधानं मोडले, तेव्हा पंचवीस अंशांच्या उबेतही थंडीशी झुंजणारं जनुक जागं झालं. ते घट्ट बांधून ठेवले, तेव्हा चार अंशांच्या गारठ्यातही जनुक झोपून राहिलं. म्हणजे धाग्यांचं उकलणं हीच धोक्याची हाळी. पुढं २००३ मध्ये गव्हात दिसलं, की थंडी सोसणाऱ्या वाणात नळ्या सुरुवातीला थोडा वेळ उकलतात आणि मग गारठ्यात टिकतील अशा पुन्हा बांधल्या जातात. जे झाड सैल व्हायला तयार नसतं, ते पुढं तग धरत नाही.

उष्ण प्रदेशातल्या पिकांना ही दुसरी बांधणी नीट साधत नाही, आणि केळी त्यांचीच सोयरी. म्हणून तर जानेवारीच्या रात्री आमचे शेतकरी विहिरीचं कोमट पाणी बागेला देतात, वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा धरतात, घडांवर पिशव्या चढवतात आणि पहाटेपर्यंत बांधावर ओला-सुका पालापाचोळा धुमसत ठेवतात.