रेघ मारणारे गुरुजी

पुणे-सातारा महामार्गालगतच्या वरवे बुद्रुकमधला एखादा पदवीधर शिरवळच्या कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून मोबाइलवर इंग्रजी अर्ज लिहितो. ‘आय वर्क्ड ॲज सुपरवायझर’ असे टाइप केले की खाली रेघ उमटते. रेघेवर बोट ठेवले की ‘ॲज अ सुपरवायझर’ तयार. मराठीत नामाआधी असे काही लावावे लागत नाही, म्हणून ते ‘अ’ आपल्याकडून हमखास गळते.

ही खोड मराठी गुरुजींना फार पूर्वीपासून ठाऊक. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण सिद्ध केले. इंग्रजीची ‘भाषांतर पाठमाला’ मात्र द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. तिच्यात नियम मराठीतून, शब्दांचे अर्थ मराठीत आणि मग भाषांतराला वाक्ये. पिढ्यान् पिढ्या तिच्यावर घोटून निघाल्या. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक आले. यांतले रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेले आणि ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे गाजलेले. त्यांच्या पुस्तकात नियम इंग्रजीतूनच. मराठी बाजूला पडली.

यंत्राने नियमही झाकला. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये लोरिंडा चेरी यांनी सहकाऱ्यांसह केलेले ‘रायटर्स वर्कबेंच’ हे संगणकीय साधन लांबलेली वाक्ये आणि फापटपसारा दाखवी. १९८१चे ‘ग्रामॅटिक’ ठरावीक चुकीचे शब्दप्रयोग हुडके. पुढे वाक्याची फोड करणारी तंत्रे आली आणि ‘वर्ड ९७’मध्ये लिहिता लिहिताच हिरवी नागमोडी रेघ उमटू लागली. २००९ मध्ये ग्रामरली हे इंग्रजीतल्या चुका दाखवणारे साधन सुरू केले ते युक्रेनच्या तिघांनी; इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हे.

या साऱ्या प्रवासात चूक दाखवणे वेगवान झाले, समजावणे मात्र आखडले. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी गळालेले ‘अ’ पुढच्या परिच्छेदात पुन्हा गळतेच, कारण ते यंत्राने भरलेले असते, लिहिणाऱ्याने नव्हे.

आता मात्र संवाद साधणाऱ्या नव्या यंत्रांना ‘इथे अ का?’ असे मराठीत विचारता येते, उत्तरही मराठीत मिळते. म्हणजे तर्खडकरांची रीत परत हाताशी आली आहे. फरक इतकाच, की पाठमालेत नियम वाचल्याशिवाय वाक्यापर्यंत पोचताच येत नसे. इथे कारण विचारायचे की नुसती दुरुस्ती स्वीकारायची, हे शिकणाऱ्यानेच ठरवायचे.