रँडच्या खाणींतील फुफ्फुसदाह : लस आणि निवारा

दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथील सुवर्णखाणींत विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय मजुरांचे जे मृत्यू रोगांमुळे होत, त्यांत न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसदाह अग्रभागी होता. सुरुंगाने फुटलेला खडक फावड्यांनी उपसून गाड्यांत भरणे, हे यांपैकी पुष्कळांचे काम. खाणीतील उष्म्यात घामाने निथळलेला मजूर पठारावरील थंडीत वर येई आणि कुंपणबंद आवारातील दाटीच्या खोलीत झोपे. न्यासालँडसारख्या उष्ण प्रदेशांतून आलेल्या नवख्यांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते. इतके की, २२ दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडील भरती सरकारने १९१३ मध्ये बंद केली.

तत्पूर्वी, १९११ मध्ये, खाणमालकांच्या निमंत्रणावरून आल्मरॉथ राइट हे लसतज्ज्ञ जोहान्सबर्गला आले होते. त्यांनी हजारो मजुरांना लस टोचली. परंतु तिच्या गुणाविषयी निर्णायक पुरावा हाती आला नाही. याच खाणमालकांनी पुढे पनामा कालव्यावरील आरोग्याधिकारी विल्यम गॉर्गस यांस पाचारण केले. पनामात वेस्ट इंडीजमधील मजूर याच रोगाने मोठ्या संख्येने दगावले होते, आणि गर्दीच्या बराकी सोडून ते विखुरलेल्या झोपड्यांत राहू लागल्यावर रोग ओसरला, असा गॉर्गस यांचा अनुभव होता. १९१४ च्या अहवालात त्यांनी रँडसाठीही तोच उपाय सुचविला : मजुरांना विरळ वस्तीत, शक्य तर कुटुंबासह राहू द्यावे.

या दोहोंपैकी लस स्वस्त होती, हे उघड आहे. शिवाय कुटुंबासह वसणारा मजूर अल्प वेतनावर परतवता न येणारा. स्थलांतरित मजुरीची सारी व्यवस्थाच त्यामुळे डळमळली असती. आवारांत काही सुधारणा झाल्या, पण कुटुंबवस्तीचा विचार सर्वसाधारणपणे मागे पडला.

मात्र प्रयोगशाळेतील काम वाया गेले, असे मुळीच म्हणता येणार नाही. स्पेन्सर लिस्टर यांनी तेथेच दाखवून दिले की, न्यूमोकॉकस हा जंतू एकजिनसी नसून त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्धची लस दुसऱ्यास रोखीलच असे नाही. राइट यांच्या अपयशाचा एक उलगडा येथे होतो. या ज्ञानावर आधारलेली बहुप्रकारी लस रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी १९७० नंतरच्या दशकात पारखली आणि १९७७ मध्ये अमेरिकेत चौदा प्रकारांच्या लसीस मान्यता मिळाली. त्या परीक्षेसाठी निवडलेले लोक दक्षिण आफ्रिकेतील सुवर्णखाणींत नव्यानेच भरती झालेले मजूर होते. कारण गॉर्गस यांच्या अहवालानंतर साठ वर्षे लोटली, तरी त्यांच्यात हा रोग पुरेशा संख्येने आढळत होता.