विकणे आहे : चार चाके, टायरसह

'विकणे आहे. स्पोर्ट्‌स कारची अलॉय व्हील्स, कंपनीची नव्हेत, बाहेरून घेतलेली. १५ इंच, ४×११४.३. टायरसह. टायर भरपूर शिल्लक.' जुन्या गाड्यांच्या शौकिनांत अशा धाटणीच्या जाहिराती नेहमीच्या. आजच्या धाग्यात अशी जाहिरात दस्तऐवज म्हणून वाचू. मोडी कागद हाती आला की अभ्यासक मजकुराआधी शिक्का आणि तिथी पाहतो. इथेही तोच क्रम लावायचा आहे.

आरंभ ३ ऑगस्ट १९२४ रोजी, फ्रान्समधील लियों येथील ग्रां प्री शर्यतीत. एतोर बुगाटीने तेथे 'टाइप ३५' उतरवली. शर्यतीच्या गाड्यांना तारांच्या आऱ्यांची चाके असण्याचा तो काळ. बुगाटीची चाके मात्र ओतीव ॲल्युमिनियमची, आठ रुंद आऱ्यांची, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच सामावलेला. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके कमी, तितके चाक खाचखळग्यांतून रस्ता धरून राहते. त्या दिवशी बुगाटीला यश मिळाले नाही. चाके टिकली, पण टायरचे रबर नीट व्हल्कनाइझ झालेले नव्हते आणि त्याचे थर सुटू लागले. चाक उत्तम आणि टायर दगाबाज, ही जोडी इतकी जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात टेड हॅलिब्रँडने शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाके बनवली. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एकतृतीयांश हलके. पण ते लवकर गंजते आणि एकदा पेटले की पाण्याने अधिकच भडकते. रोजच्या रस्त्यावर म्हणून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूने त्याची जागा घेतली. नाव तेवढे मागे उरले. आपल्याकडच्या गॅरेजात आजही ॲल्युमिनियमच्या चाकाला सर्रास 'मॅग व्हील' म्हणतात, ते हेच मॅग्नेशियम. (शब्द वस्तूपेक्षा चिवट असतात, याचा इतका सोपा पुरावा दुसरा सापडणे कठीण!)

आता '४×११४.३'. चार बोल्ट, आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर. असा विचित्र आकडा का? कारण तो साडेचार इंच आहे. अनेक जपानी गाड्यांवर, उदाहरणार्थ १९६९ मध्ये आलेल्या डॅटसन २४०झेडवर, हेच माप आढळते. देश मेट्रिक, मोजणी मेट्रिक, पण माप इंचांतले.

इंचांची ही सत्ता मोडण्याचा प्रयत्न झाला होता. मिशेलिनने १९७५ मध्ये 'टीआरएक्स' टायर आणला. त्याच्या चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ ३९०, आणि कडेचा आकारही निराळा. फेरारीपासून फोर्ड मस्टँगपर्यंत तो बसला. पण बाकीचे जग इंचांतच राहिले, आणि या चाकांवर दुसरा टायर चढत नाही. सुंदर, अभंग चाके केवळ मापापायी अडून बसतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात चांगली वस्तू जिंकतेच असे नाही, एवढेच येथे नोंदवतो.

खरा पेच जाहिरातीच्या शेवटच्या तीन शब्दांत आहे : 'टायर भरपूर शिल्लक'. हे विधान फक्त नक्षीच्या खोलीविषयी बोलते, वयाविषयी नाही. टायर चालला नाही तरी हवेतील ऑक्सिजन आणि उष्णता यांमुळे रबर कडक होत जाते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात पोर्शे करेरा जीटीच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही मरण पावले. तपास यंत्रणांनी अतिवेग हे कारण ठरवले; मात्र गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, याचीही नोंद त्यांनी घेतली.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहावेत : '२३०८' म्हणजे २००८ सालचा तेविसावा आठवडा. ही पद्धत २००० पासूनची. त्याआधी आकडे तीनच होते. '२३८' म्हणजे आठने संपणाऱ्या वर्षाचा तेविसावा आठवडा. पण ते वर्ष १९७८, १९८८ की १९९८? काही उत्पादकांनी नव्वदच्या दशकासाठी शेजारी छोटा त्रिकोण उमटवला. तो नसेल तर दशक अंदाजाने ठरवायचे, शक नसलेल्या पत्राची तारीख लावावी तसे. एक मात्र निश्चित : तीनच आकडे दिसले, तर तो टायर गेल्या शतकातला आहे आणि रस्त्यावर उतरवण्याजोगा नाही, मग नक्षी कितीही खोल असो.

आणखी एक अडचण. बऱ्याच टायरवर हा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू पुष्कळदा आत, गाडीकडे तोंड करून बसवलेली असते. जाहिरातीतल्या छायाचित्रात दिसते ती बाहेरची, चकचकीत बाजू. म्हणून जाणकार गिऱ्हाईक किमतीची घासाघीस करण्याआधी विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागते : चारही चाके उलटी करून काढलेले फोटो.