तोफेच्या नळीतून आलेले गणित

रायपूरच्या तात्यापाऱ्यात नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीची खूण आता मराठी आडनावांतच काय ती शोधावी लागत असली, तरी भिलाई-उरल्याच्या कारखानदारीत यंत्रभागांच्या नकाशावर वर्तुळात कोंडलेले जे ‘एम’ अक्षर इंजिनिअरच्या नजरेस पडते, त्याचा पूर्वेतिहास त्याच अमदानीतील तोफखान्यांपर्यंत मागे नेता येतो.

ओतीव गोळा नेमक्या मापाचा क्वचितच उतरे. गोळा मोठ्यात मोठा आणि नळी अरुंदात अरुंद असली, तरी ऐन लढाईत तो आत सरकलाच पाहिजे, आणि फट वाजवीपेक्षा अधिक राहून दारूचा जोरही वाया जाता कामा नये, असा हा दुहेरी पेच होता. म्हणून पारखी दोन कड्या बाळगी. मोठीतून गोळा जावा, लहानीतून जाऊ नये. फ्रान्समध्ये १७६५ पासून ग्रिबोव्हालने तोफखान्याची नवी घडी बसविली, तीत कडीच्या जागी लांब नळकांडे आले. कारण लांबट गोळा सोयीच्या बाजूने धरल्यास कडीतून निसटे, पण नळकांड्यातून गडगडताना अडके. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या ९०हून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, तेव्हा त्यांची घडण खुद्द इंग्रज सेनापती वेलस्लीने वाखाणली. पराभवाचे कारण ओतकामात शोधणे व्यर्थ आहे.

या कारागिरी शहाणपणास शास्त्राचे रूप आले ते १९३८च्या सुमारास, स्कॉटलंडमधील अलेक्झांड्रियाच्या सरकारी टॉर्पेडो कारखान्यात. नकाशाबरहुकूम नापास ठरणारे कित्येक भाग जुळणीत बिनतक्रार बसतात, हे तेथील स्टॅन्ली पार्कर यांनी हेरले. भोक १०.२ ते १०.४ मिलिमीटर चालणार असेल, तर १०.२ला त्या भागात धातू सर्वाधिक उरतो, आणि हीच जुळणीची सर्वांत अडचणीची अवस्था, म्हणजे मॅक्सिमम मटेरियल कंडिशन; वर्तुळातले ‘एम’ ते हिचेच चिन्ह. या अवस्थेत भोकाच्या स्थानाला ०.१ची सूट दिली असेल, तर भोक १०.४चे झाल्यावर ती आपोआप ०.३ होते. उलट, भोक आणि कड यांमधली भिंत पातळ पडण्याचे भय असेल तेथे किमान धातूची अवस्था धरतात.

१९८२च्या अमेरिकन मानकात स्थानाच्या सुटीपुढे या दोहोंपैकी एक, अथवा ‘माप काहीही असो, सूट तेवढीच’ असे सांगणारे तिसरे चिन्ह घालणे सक्तीचे होते. १९९४ पासून चिन्ह नसल्यास वाढीव सवलत नाही, असा दंडक झाला. बेअरिंगच्या बैठकीला हा कडकपणा शोभतो, कारण भोक मोठे झाले म्हणून तेथे मध्य सरकलेला खपत नाही. परंतु बोल्टाच्या साध्या भोकाशी ते एक अक्षर लिहिण्याचा नकाशाकाराने आळस केला, की जुळणीत सहज बसला असता असा माल भंगारात जातो.