बिनतारी छायाचित्रप्रेषण (समारंभस्थळी)

लग्न, पदवीदान, मॅरेथॉन, पत्रकार परिषद अशा प्रसंगी टिपलेली छायाचित्रे कार्ड न काढता आणि केबल न जोडता वाय-फायवरून जवळच्या संगणकात पोहोचवण्याची पद्धत. छायाचित्रकार तिला सरसकट ‘वायरलेस टेदरिंग’ म्हणतात. काटेकोरपणे पाहिले तर टेदरिंगमध्ये कॅमेऱ्याचा ताबा संगणकाकडे असतो. समारंभात बहुधा कॅमेराच आपणहून फाइल पाठवत असतो. फोटो लगेच पडद्यावर दाखवणे, पाहुण्यांना जागेवर छापून देणे किंवा वृत्तपत्राच्या कचेरीत वेळेत पोहोचवणे, यांपैकी एखाद्या कारणासाठी हा खटाटोप केला जातो. तसे कारण नसेल तर कार्ड घरी नेऊन रीडरमध्ये घालणे केव्हाही सोपे. पूर्वी हे काम दोन पायांवर चाले आणि आजही कित्येक मांडवांत चालते : मदतनीस पोरगा भरलेले कार्ड मुठीत धरून गर्दीतून लॅपटॉपपर्यंत धावतो. कार्ड पडणे, हरवणे किंवा रिकामे समजून पुन्हा कॅमेऱ्यात जाणे हे त्या पद्धतीचे नेहमीचे अपघात.

व्यावसायिक कॅमेऱ्यांत ही सोय 2003 च्या सुमारास आली. निकॉनच्या डी2एच या 4.1 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या तळाशी डब्ल्यूटी-1 हा प्रेषक बसवता येई. त्याची कागदोपत्री कमाल गती सेकंदाला 11 मेगाबिट होती, प्रत्यक्षात मिळे ती निम्मी. तरी फाइलीच लहान असल्याने काम भागत असे. हौशी लोकांपर्यंत कल्पना नेली ती ‘आय-फाय’ या कार्डाने (2007). टपाल तिकिटाएवढ्या एसडी कार्डातच वाय-फायचा रेडिओ बसवलेला असल्याने कोणताही साधा कॅमेरा बिनतारी होई. पण जुन्या कार्डांची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होती. कंपनीने 2016 मध्ये त्या कार्डांचा पाठिंबा काढून घेतला आणि धडधाकट कार्डे निरुपयोगी ठरण्याची पाळी ग्राहकांवर आली. तोवर वाय-फाय कॅमेऱ्यांच्या आतच येऊ लागले होते.

कॅमेरा आणि संगणक यांच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पीटीपी-आयपी (2005) ही यूएसबी केबलवरून चालणाऱ्या संवादाचीच बिनतारी आवृत्ती. तिच्यात लॅपटॉपवरून शटरही दाबता येते, म्हणून ती स्टुडिओत शोभते. समारंभात खरी उपयोगी पडते ती एफटीपी. संगणकांच्या जगात ही पद्धत 1971 पासूनची, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याहूनही जुनी. लॅपटॉपवर एक छोटा सर्व्हर चालू ठेवायचा, त्याचा पत्ता कॅमेऱ्यात भरायचा. पुढे प्रत्येक फाइल रांगेत लागते, रेंज गेली तर थांबते आणि आली की पुढे सरकते. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. स्वतःच्या बंद नेटवर्कवर त्याने फारसे बिघडत नाही, इंटरनेटवर पाठवताना मात्र सुरक्षित प्रकारच वापरावा.

अडचणींचे मूळ बहुतेकदा कॅमेऱ्यात नसून हवेत असते. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच : 1, 6 आणि 11. सभागृहातला प्रत्येक हॉटस्पॉट त्याच तिघींवर गर्दी करतो. 7 जून 2010 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्झ यांचे आयफोन 4 चे प्रात्यक्षिक भर मंचावर अडले. सभागृहात 570 वाय-फाय केंद्रे चालू असल्याचे सांगून त्यांनी श्रोत्यांना ती बंद करण्याची आणि लॅपटॉप खाली ठेवण्याची विनंती केली. ॲपलची ही गत, तर मंगल कार्यालयाचे काय सांगावे! शिवाय माणसाचे शरीर मुख्यतः पाण्याचे आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे सकाळी रिकाम्या कार्यालयात घेतलेली चाचणी फसवी ठरते. मुहूर्ताच्या वेळी चारशे माणसे अक्षता घेऊन उभी राहतात आणि टेबलाखाली ठेवलेला राउटर जणू भिंतीआड जातो. अंतरपाट दूर होतो, फोटो तर उत्तम मिळतात, पण लॅपटॉपवर अजून गौरीहारापुढची नवरीच दिसत असते. उपाय साधा आहे : राउटर लाइट स्टँडवर चढवून माणसांच्या डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर न्यावा आणि कॅमेऱ्यात सोय असल्यास 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा. भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. 5 गिगाहर्ट्‌झचे नियम 2018 मध्ये अधिक सैल झाले.

राउटर स्वतःचाच हवा. त्याला इंटरनेट नसले तरी चालते, कारण फाइलींना कार्यालयाबाहेर जायचेच नसते. हॉटेलच्या वाय-फायवर आधी वेब-पानावर नाव आणि मोबाइल क्रमांक भरावा लागतो, ते पान बहुतेक कॅमेऱ्यांना उघडताच येत नाही. जोडणी झालीच, तरी पाहुण्यांच्या नेटवर्कवर एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशी व्यवस्था पुष्कळदा केलेली असते.

वेगाचा प्रश्न खरे तर फाइलीच्या आकाराचा असतो. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण 25 ते 30 मेगाबाइटची, पूर्ण आकाराची जेपेग दहाच्या आसपास आणि लहान जेपेग दोन-तीन मेगाबाइटची. गर्दीत सेकंदाला दोन मेगाबाइट मिळाले तर रॉ फाइलीला पंधरा सेकंद लागतात, लहान जेपेगला एक-दीड. सहा इंची छापील प्रतीला किंवा एलईडी पडद्याला लहान जेपेग पुरून उरते. म्हणून दोन खाचांच्या कॅमेऱ्यात एका कार्डावर रॉ, दुसऱ्यावर लहान जेपेग ठेवून फक्त दुसरेच पाठवण्याची रीत रूढ झाली. सगळे रॉ हवेतून पाठवण्याचा हट्ट हौसेचाच म्हणायचा. जिथे सेकंदांचा हिशेब असतो तिथे छायाचित्रकार निमूटपणे तारेकडे वळतात : 2012 च्या कॅनन ईओएस-1डी एक्स आणि निकॉन डी4 या कॅमेऱ्यांना लॅनच्या केबलचे तोंड होते ते यासाठीच.

लॅपटॉपवर आलेली फाइल एका ठरावीक फोल्डरात पडते आणि लाइटरूम किंवा कॅप्चर वन यांसारखी प्रणाली त्या फोल्डरावर पाळत ठेवून ती उचलते. इथे एक खोच आहे. कॅमेऱ्यांच्या प्रमाणित नामपद्धतीत फाइलीला चार अक्षरे आणि 0001 ते 9999 असा चार अंकी क्रमांक मिळतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे एकाच फोल्डरात पाठवू लागले की दोघांचाही 0412 क्रमांकाचा फोटो येऊ शकतो आणि मुलाकडच्या आजीवर मुलीकडचे मामा चढतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या नावाची आद्याक्षरे आधीच वेगळी करून ठेवली आणि घड्याळे मिनिटासेकंदाला जुळवली, तर पुढे अल्बम लावणाऱ्याचे निम्मे श्रम वाचतात. वाय-फाय सतत चालू असल्याने बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते. जादा बॅटऱ्या जवळ हव्यातच.

हवेतून गेलेली प्रत ही दाखवण्याची प्रत, मूळ प्रत कार्डावरचीच. रांगेत अडकलेली किंवा अर्धवट उतरलेली फाइल लॅपटॉपवर सहसा ओरडून सांगत नाही. तेव्हा कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी त्यावरच्या फाइली रीडरने उतरवून, त्यांची संख्या फोल्डरातल्या संख्येशी ताडून पाहावी.