कुकर, मिक्सर की गॅस: पैसे कशाचे वसूल झाले?

मंगरूळपीरच्या घराघरांत नवीन काय घ्यायचं, हा वाद जुनाच आहे. आज त्याचा थोडा इतिहास बघू.

माझं पहिलं मत कुकरला. भारतात हॉकिन्स कंपनी 1959 मध्ये सुरू झाली. वाफ कोंडली की पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांवर उकळतं, म्हणून आपली तुरीची डाळ लवकर शिजते. शिवाय कुकर चुलीवरही चालतो, स्टोव्हवरही.

मिक्सरचं तसं नाही. परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना, म्हणून मुंबईत सत्यप्रकाश माथूर यांनी 1963 मध्ये ‘सुमीत’ काढला. हात वाचले, पण लाइट गेली की तो नुसता डबा. लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी पाटा-वरवंटा ठेवला, ते शहाणे ठरले.

मग गॅस. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली. पण जोडणी मिळणं एक आणि 14.2 किलोचं पुढचं सिलिंडर भरणं दुसरं. ते परवडलं नाही, की पुन्हा चूल आणि डोळ्यांत धूर.

म्हणून माझा हिशोब असा: दुकानातली किंमत एकदाच द्यावी लागते, चालवायचा खर्च दर महिन्याला. आणि जी रोज रांधते, तिला आधी विचारा. तुमच्या घरी पहिल्यांदा काय आलं? आजीला विचारून नक्की कळवा!